दसपट टेकडी

माझ्या धाकट्या दिरांनी चौतीस वर्षं डोंगर केले. नद्या केल्या, रस्ते केले, दोनतीनशे पूल बांधले आणि तेवढेच स्वतःच्या हातानं मोडले. कागदोपत्री त्यांचा हुद्दा ओळभर लांब आहे, पण कचेरीत सगळे त्यांना वाळूवालेच म्हणतात.

सैन्यातल्या वरच्या अधिकाऱ्यांना युद्ध शिकवणारी एक संस्था आमच्या गावात आहे. तिथल्या एका मोठ्या खोलीत तीस फूट लांब, वीस फूट रुंद असा लाकडी हौद आहे. त्यात गुडघाभर वाळू. ज्या मुलखात सराव व्हायचा असेल तो मुलूख त्या वाळूत उभा करणं हे भाऊजींचं काम. ओली वाळू थापून डोंगर, हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला भुसा म्हणजे रान, निळीची पूड म्हणजे नदी, पांढरी फीत म्हणजे रस्ता आणि काड्यापेट्या म्हणजे गावं. वर छताला नायलॉनच्या दोऱ्यांनी टांगलेली वीतभर विमानं. अलीकडे सगळ्यांत वर चंदेरी कागद गुंडाळलेला एक पिंगपाँगचा चेंडूही लटकायला लागला होता. तो उपग्रह. वर्षातून एकदा घरच्या माणसांना संस्था दाखवतात, तेव्हा मी तो पाहिला आणि मला हसू आलं. भाऊजी म्हणाले, “हसू नका वहिनी, आजकाल ह्या चेंडूला मान फार. त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.”

आता त्या खोलीतला एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. तीस किलोमीटरचा मुलूख तीस फुटांत बसवायचा म्हणजे किलोमीटरला एक फूट पडतो. त्या मापानं साठ मीटर उंचीची टेकडी जेमतेम पाऊण इंचाची होते. हौदाच्या तीन बाजूंनी चढत्या पायऱ्यांवर साहेबलोक बसतात, त्यांना ती दिसणारच नाही. म्हणून लांबीरुंदी खरी ठेवायची आणि उंची तेवढी दसपट करायची. वाळूचं काम करणारे सगळीकडे असंच काहीतरी करतात. ते विसरलं जाऊ नये म्हणून भाऊजींनी हौदाच्या कडेला एक पाटी लावलेली असे. पांढऱ्यावर काळी अक्षरं: ‘उंची दसपट’. जगात त्यांनी लिहिलेलं एवढं एकच वाङ्मय, आणि तेही कुणी वाचत नसे.

ह्या वर्षीचा सराव मोठा होता. जमिनीवरचं सैन्य, आरमार आणि हवाई दल तिघांनी मिळून एकच बेत आखायचा, आणि त्यात अंतराळाचीही मदत घ्यायची. बाहेरून पाहुणे येणार, फोटो काढणार. संस्थेचे मुख्य साहेब आदल्या दिवशी हौदाभोवती एक फेरी मारून गेले. पाटीपाशी थांबले.

“हे काय आहे?”

“उंचीची सूचना आहे साहेब.”

“फोटोत येईल ती. काढून ठेवा.”

“पण साहेब, ती नसली तर—”

“अहो, इथं काय शाळेतली मुलं बसणारेत?”

पाटी कपाटामागे गेली.

दुसऱ्या दिवशी बेत ठरवण्याची बैठक. भाऊजी नियमाप्रमाणे कोपऱ्यात झारी घेऊन उभे. वाळू वाळली की डोंगर ढासळतात, म्हणून अधूनमधून शिंपडावं लागतं. त्यामुळे चौतीस वर्षं सगळ्या लढाया त्यांनी ऐकल्या आहेत, आणि रात्रीच्या जेवणानंतर टेबलावर झाकणं आणि चमचे मांडून त्या आम्हाला समजावल्या आहेत. युद्धाचं जे काही शास्त्र मला कळतं ते सगळं आमच्या ताटवाट्यांवरचं.

वाद नेहमीचाच होता. जमीनवाले साहेब, जाडजूड, मिशीवाले, म्हणाले, “आमची माणसं पूल ओलांडतील तेव्हा डोक्यावर विमानं पाहिजेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एकही मिनिट आभाळ रिकामं नको.”

हवेतले साहेब सडपातळ, हातात लांब काठी. ते म्हणाले, “विमान म्हणजे छत्री नव्हे, की उघडून डोक्यावर धरली. चार इकडे, चार तिकडे वाटत बसलात तर ती कुणाच्याच उपयोगाची नाहीत. सगळी एका हातात ठेवा. आम्ही आधी शत्रूची धावपट्टीच बंद करतो, मग तुमच्या डोक्यावर येणार कोण?”

“आणि तोवर पुलावर मेले ते?”

“थोडा धीर धरा ना.”

“धीर तुम्ही वर बसून धरता, मरतो आम्ही खाली.”

आरमाराचे साहेब मधे पडले. “आमची विमानं ह्या हिशेबात धरू नका बरं का. ती आमच्या जहाजांसाठी आहेत.”

“म्हणजे संयुक्त सराव, पण तुमची विमानं वेगळी?”

“समुद्र वेगळाच असतो साहेब. तुम्हाला नाही कळायचं.”

एका घरात तीन सुना आणि एकच शेगडी असली की काय होतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. फरक एवढाच की सुना भांडून शेवटी एकीच्या हाती पळी देतात, कारण सगळ्यांना जेवायचं असतं. इथं जेवायचं कुणालाच नव्हतं, पळी मात्र सगळ्यांना हवी होती. खरं सांगायचं तर त्या वादात हवेतल्या साहेबांचं म्हणणं मला बरोबर वाटलं. विमानं वाटून घेतली की जोर जातो, हे आमच्या चमच्यांनाही कळलं होतं. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाला आपण सगळंच बरोबर बोलतो असं वाटायला लागलं की त्याच्याइतकं धोक्याचं कुणी नाही.

मग अंतराळवाले साहेब उठले. वयानं सगळ्यांत लहान, चष्मा, आणि आवाजात नुकत्याच घेतलेल्या गाडीबद्दल बोलावं तसा रुबाब. भिंतीवर त्यांनी उपग्रहाचा फोटो लावला. मुलूख उभ्या रेषेत थेट वरून टिपलेला. झाडं मोजता येत होती, वाळत घातलेले कपडे दिसत होते.

“आमचा उपग्रह दिवसातून दोनदा ह्या भागावरून जातो,” ते म्हणाले. “रस्ता तो दाखवतो, निरोप तो पोचवतो, घड्याळ तो लावतो. ह्या मुलखात आता आमच्यापासून काही लपून राहू शकत नाही.”

सगळे खूष झाले. मग कुणीतरी विचारलं, की आपण शत्रूच्या रडारपासून कसे लपणार? ह्यावर हवेतल्या साहेबांनी काठी हौदातल्या एका लांबट टेकडीवर टेकवली. “हिच्या आडून.”

भाऊजींच्या हातातली झारी थबकली.

साहेबांच्या सहायकानं फूटपट्टी लावून टेकडी मोजली. सात इंच आणि वर थोडं. किलोमीटरला एक फूट, म्हणजे सहाशे मीटर झाले. “उत्तम,” साहेब म्हणाले. “विमानं तीनशे मीटरवरून आणू. टेकडीच्या पाठीमागून थेट पुलापर्यंत. रडारला कळायच्या आत काम तमाम.”

खरी टेकडी साठ मीटरची. तिच्यामागे तीनशे मीटरवरून उडणारं विमान लपवणं म्हणजे मोरीच्या उंबऱ्याआड उंट लपवणं.

भाऊजी पुढे झाले. “साहेब, त्या टेकडीची उंची—”

“आत्ता पाणी नको,” मुख्य साहेब झारीकडे बघून म्हणाले. “बैठक संपल्यावर शिंपडा.”

बैठक संपल्यावर भाऊजींनी हवेतल्या साहेबांना व्हरांड्यात गाठलं. “साहेब, मॉडेलमधली उंची खरी नसते. दसपट असते. नकाशावर बघून घ्यावं.”

साहेब चालतच राहिले. “ते आमच्या नकाशावाल्यांनी पाहिलेलंच असतं. तुम्ही वाळू बघा.”

नकाशा होताच की. तिन्ही दलांचे तीन नकाशे, तीन नळकांड्यांत, खोलीच्या तीन कोपऱ्यांत उभे होते. तिन्हींवर टेकडीची उंची छापलेली होती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं नळकांडं उघडलं असेल. आणि उपग्रहाच्या त्या अफलातून फोटोत वाळत घातलेले कपडे दिसत होते, पण थेट डोक्यावरून बघणाऱ्याला टेकडी काय आणि परात काय, दोन्ही सपाटच. उंचीवर ज्यांचा धंदा चालतो अशी दोन दलं त्या खोलीत बसली होती, आणि साठ मीटरच्या टेकडीची उंची फक्त झारीवाल्या माणसाला माहीत होती.

सराव प्रत्यक्षात झाला तेव्हा काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे, कारण ड्रायव्हरलोक गप्प बसत नाहीत. आठ विमानं ठरल्याप्रमाणे तीनशे मीटरवरून आली. पहिल्या वैमानिकानं म्हणे रेडिओवर विचारलं, “टेकडी मागे पडली का पुढे आहे?” तिच्यावरूनच ते उडत होते. त्याच्या स्वतःच्या नकाशात खरी उंची होती, आणि आदल्या दिवशी तो तसं बोललाही होता. पण बेतावर तिन्ही दलांच्या सह्या झालेल्या, आणि बदलायचा तर तिघांना पुन्हा एकत्र बसवावं लागणार. तिघांना एकत्र बसवण्यापेक्षा आठ विमानं पाडून घेणं सोपं होतं. पंचांच्या रडारनं ती लांबूनच टिपली आणि चार मिनिटांत आठही पाडल्याचं जाहीर झालं. डोक्यावर विमानं नाहीत म्हणून पुलावरचे जमीनवाले मेलेले ठरले. ते रस्त्याच्या कडेला सावलीत बसून डबे खात होते. जहाजं बाहेर समुद्रात वाट बघत राहिली. आणि बरोबर त्याच वेळी उपग्रह वरून गेला. सगळ्या फजितीचे अतिशय सुंदर, स्पष्ट फोटो आले.

आठवड्यानं भाऊजी घरी आले ते हातात एक लिफाफा घेऊन. आम्ही वरखाली राहतो. संध्याकाळचा चहा माझ्याकडे असतो. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि चहाकडे पाहिलंही नाही.

आत टंकलेला मजकूर होता. ‘मॉडेलमधील टेकडीची उंची चुकीची दर्शवली गेली, हे मी मान्य करतो. सदर चूक माझ्या हातून अनवधानाने झाली.’ खाली त्यांचं नाव आणि सहीसाठी रिकामी जागा.

माझी जाऊ, आम्ही तिला धाकटी म्हणतो, तिनं तो दोनदा वाचला. “अनवधानाने म्हटलंय ना? मग काय झालं? करून टाका सही.”

“मी चूक केलेली नाही.”

“कुणी म्हटलं केलीत म्हणून? पण तीन महिन्यांत सुटताय तुम्ही. चौकशी लागली की वर्षभर निवृत्तीचे कागद फिरत राहतील. एवढ्यातेवढ्यासाठी?”

“ह्या ‘एवढ्यातेवढ्या’वर माझं नाव आहे.”

“नावाला काय चाटायचंय? ताई, तुम्ही सांगा हो ह्यांना काहीतरी.”

माझ्या यजमानांनी पेपर खाली केला. “तू कर सही,” ते धाकट्या भावाला म्हणाले. “मोठे लोक एकमेकांवर ढकलतात, आणि ढकलता ढकलता खालच्याच्या अंगावर येतं. जगरहाटी आहे.”

“दादा, तुझ्या कारखान्यात मोजमाप चुकलं आणि तुला सही करायला सांगितली तर करशील?”

हे पुन्हा पेपरमागे गेले. माझे यजमान तीस वर्षं मोजमापं तपासत होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पान काही उलटलं गेलं नाही.

मी विचारलं, “भाऊजी, सही नाही केली तर?”

“चौकशी समितीपुढे उभं करतील. चौघे तेच, आणि मुख्य साहेब.”

“मग तिथं काय बोलणार?”

“मी काय बोलणार वहिनी? मला बोलता कुठे येतं? चौतीस वर्षं तोंड उघडलं की ‘पाणी नको’ म्हणतात.” मग कप हातात घेत म्हणाले, “वाळू तेवढी येते.”

धाकटी उठून गेली. जिन्यावरून तिचा आवाज आला, “बसा मग वाळू चाळत!” पण सकाळी डबा तिनंच भरला, आणि रोजच्यापेक्षा मोठा.

भाऊजींनी समितीकडे एकच विनंती केली. बोलण्याऐवजी तोच मुलूख पुन्हा करून दाखवू द्या, ह्या वेळी उंची खरी ठेवून. समितीला वाटलं, माणूस चूक दुरुस्त करून देतोय. लगेच परवानगी मिळाली. चार दिवस ते खोलीत एकटे होते. उंची दसपट करायला जेवढे कष्ट पडत नाहीत तेवढे खरी ठेवायला पडतात. पाऊण इंच म्हणजे पाऊणच, बोट जरा जोरात पडलं तर टेकडी गेली. सुताराची लेव्हल लावून, पोस्टकार्डाच्या कडेनं वाळू सारखी करत त्यांनी ती केली. नंतर आठवडाभर त्यांची मान वळत नव्हती.

समितीच्या दिवशीचं मला त्यांच्याकडूनच कळलं. रंगवून सांगण्याचा त्यांचा स्वभाव नाही, तेव्हा घडलं ते ह्याहून जास्तच असणार.

साहेबलोक आत आले, पायऱ्यांवर बसले. समोर तीस फूट वाळू, परीटघडीच्या चादरीसारखी. नदी होती, रस्ता होता, काड्यापेट्या होत्या.

“मॉडेल कुठाय?” मुख्य साहेबांनी विचारलं.

“हेच साहेब.”

“डोंगर वगैरे?”

“आहेत. खाली उतरून बघावं लागेल.”

पाचही जण उतरले. हवेतले साहेब काठी घेऊन टेकडी शोधत हौदाच्या कडेनं चालत राहिले. सापडेना. शेवटी भाऊजींनी गुडघ्यावर बसून दाखवली. अंगठ्याएवढ्या जाडीची एक लांबट वळकटी.

“ही?”

“हीच. तुमच्या नकाशातसुद्धा हीच आहे, साठ मीटर.” मग त्यांनी दोरीवरचं एक विमान सोडून तीनशे मीटरच्या मापावर, वाळूपासून साडेतीन इंचांवर, धरलं. टेकडी पाऊण इंच. विमान नुसतं आडोशाला नव्हतं असं नाही, ते चौकात उभं होतं.

आरमाराचे साहेब हसले. जमीनवाले म्हणाले, “ह्याच्यामागे लपून आमची माणसं वाचवणार होतात?” हवेतले साहेब म्हणाले, “नकाशा तुम्ही बघायचा होता, जमीन तुमची आहे.” “आणि उंची तुमची नाही?” अंतराळवाल्या साहेबांनी हळूच सांगितलं, की एका फोटोवरून उंची कळत नाही, दोन कोनांतून दोन लागतात, पण ते कुणी मागितले नव्हते. मग तिघेही त्यांच्यावर उलटले. दहा मिनिटं हौदाच्या भोवती असं सगळं संयुक्त चाललं होतं.

मुख्य साहेबांनी हात वर केला. “उंची दसपट असते हे तुम्ही सांगायला नको होतं का?”

“पाटी होती साहेब.”

“मग ती कुठे गेली?”

“काढून ठेवायला सांगितलं.”

“कुणी सांगितलं?”

 भाऊजी फक्त मुख्य साहेबांकडे बघत राहिले, आणि मग बाकीचे चौघेही बघायला लागले. साहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

नवा कागद दोन दिवसांनी आला. त्यात कुणाचीच चूक नव्हती. ‘उंचीविषयक माहितीबाबत तिन्ही दलांमध्ये समन्वय वाढवण्याची आवश्यकता आढळून आली,’ असं त्यात होतं. इतक्या मोठ्या वाक्यात इतका छोटा गुन्हा लपवलेला मी पहिल्यांदा पाहिला. तळाला मात्र एक ओळ होतीच: ‘मॉडेलकारास समज देण्यात आली.’

भाऊजींनी कागद समोर घेतला, पट्टी ठेवून ती एक ओळ सरळ रेषेत खोडली आणि सही न करता परत दिला. कारकून म्हणाला, पुन्हा टाइप करावं लागेल. भाऊजी म्हणाले, करा. कारकून म्हणाला, साहेब रागावतील. भाऊजी म्हणाले, मी बसतो इथं. आणि ते खरंच बसले, बाकावर, हात मांडीवर ठेवून. साडेचारला कागद बाहेर आला. ती ओळ नव्हती. त्यांनी तो पूर्ण वाचला, सही केली आणि घरी आले.

धाकटीनं जिन्यातच गाठलं. “काय झालं?”

“झालं. माझं नाव नाही कशात.”

ती पायरीवरच बसली. डोळे पुसले आणि लगेच तोंड सोडलं, “माफी मागितली का कुणी?”

“नाही.”

“कुणीच नाही? त्या हवेतल्या साहेबानंसुद्धा?”

“अगं, निघताना मुख्य साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत. टेकडी फारच बारीक दिसते हो. जरा वाढवता येईल का?”

मी आतून विचारलं, “मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, कितीपट ते लेखी द्या.”

लेखी काही आलं नाही. कोणत्या साहेबानं सही करायची हे अजून ठरलेलं नाही. भाऊजींचे शेवटचे तीन महिने तो मुलूख खऱ्या उंचीचाच राहिला, आणि त्या काळात जितके साहेब युद्ध शिकायला आले त्या सगळ्यांना टेकडी बघण्यासाठी पायऱ्या उतरून, गुडघे टेकून वाळूशी डोळे न्यावे लागले.